अनारशांच्या ताटापुढचा हात

मी रागीट आहे, हे नागावात कोणालाही विचारा. होमस्टेच्या पाहुण्याने बाथरूममध्ये किनाऱ्यावरची वाळू सांडली तरी माझा आवाज पार समुद्रापर्यंत जातो, असं आई म्हणते. तर अशा बाईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला तिचा नवरा चार वर्षं मारत होता आणि त्या बाईला पत्ता नव्हता. हे लिहिताना आजसुद्धा माझे दात एकमेकांवर घासतात.

त्यात स्थळ मीच आणलेलं. वाडीत परत येऊन आईबरोबर दोन खोल्यांचा होमस्टे सुरू करण्याआधी मी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात नऊ वर्षं कॉम्प्युटरवर होते. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. शांत माणूस. कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. एकदा कंटेनरच्या दारात त्याचा अंगठा चेमटला, तर ओरडणं दूरच, त्याने रुमाल गुंडाळला आणि पुढची एंट्री मारली. ते नख पुढे कायमचं काळं राहिलं. मला वाटलं, आमच्या तोंडाळ घराला असाच जावई हवा. माणूस ओरडत नाही म्हणजे मारत नाही, असं मी धरून चालले होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

यार्डात आम्ही दोघं एकच काम करायचो. ट्रेलर गेटवर आला की दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे होल्ड लिस्ट: ज्यांनी आधी लबाडी केली आहे त्यांची नावं. त्यातलं नाव दिसलं की गाडी बाहेर. दुसरी म्हणजे सील. नाव यादीत नसलं तरी पेटीचं सील हुकमाशिवाय तोडायचं नाही, मग आत फुलं असोत की बॉम्ब. यादी फक्त जुने चोर ओळखते आणि सील कोणालाच ओळखत नाही, म्हणून दोन्ही लागतात. तो मात्र चहा पिताना हसून म्हणायचा, "माल नेहमीच्या माणसाच्या नावानं आला की कोणी उघडून बघत न्हाय." मीही हसायचे. खरंच होतं ते.

चार वर्षांनी बहीण पहिल्यांदा मार खाऊन माहेरी आली तेव्हा तिचा गाल जांभळा होता आणि ओठ आतून फाटलेला. आईने तिला पाणी दिलं आणि विचारलं, "जावयांना सांगून आलीस ना?" मी ताड ताड बोलले, पण तिसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला, आईच्या पाया पडला, आणि आईने हिची पिशवी भरून दिली. मी नुसती ओरडत राहिले. फाटकात आडवी पडले नाही, हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नंतर जे झालं ते तिने मला अलिबागच्या दवाखान्यात सांगितलं, डाव्या हाताला प्लास्टर चालू असताना. घरचा लॅपटॉप दोघांचा, आणि ब्राउझर त्याच्या खात्यावर. ती जे शोधायची ते त्याच्या मोबाइलवर दिसायचं. हे तिच्या लक्षात आल्यावर तिने हुशारी केली. खात्यातून बाहेर पडून शोधलं: नवरा मारतो, तक्रार कुठे करायची. शोधून पुसूनही टाकलं. पण ज्या पानांवर ती गेली तिथे माग काढणारे बसलेले होते. त्यांना नाव लागत नाही, एकाच वायफायवरचं घर कळलं की पुरतं. दोन दिवसांत त्याच्या मोबाइलवर घटस्फोटाच्या वकिलांच्या आणि महिला वसतिगृहांच्या जाहिराती यायला लागल्या. त्याने काही विचारलं नाही. ती टाइप करत बसली होती, त्याने लॅपटॉपचं झाकण तिच्या बोटांवर मिटलं आणि वर गुडघा ठेवला. दोन बोटं मोडेपर्यंत ठेवला. टीव्ही चालू होता म्हणाली, आणि तो टीव्हीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर ती एसटीत बसली. येताना तोच लॅपटॉप उचलून आणला, बिजागरी लचकलेला. म्हणाली, "माज्या बोटांनी किंमत दिलीय त्याची."

यावेळी मी तिला घरी आणलंच नाही. दवाखान्यातून थेट मुरुडला नेलं. यार्डातली माझी एक मैत्रीण तिथे राहते, नवरा दुबईला असतो, घराच्या मागे नारळ आणि पुढे मासे सुकवणाऱ्या बायकांचं अंगण. तिने मागची खोली उघडून दिली आणि म्हणाली, "फिकर नको करूस. हितं कोणी येणार न्हाय." बहीण कुठे आहे हे आम्हा तिघींनाच माहीत. आईला सांगितलं नाही. आईने जावयाला बोलावून सांगितलं असतं.

आठवडाभर मी तिथे राहून तो लॅपटॉप धुऊन काढला. त्याचं खातं काढलं, सगळे पासवर्ड बदलले, आणि ब्राउझरमध्ये दोन पहारेकरी बसवले. एक माग काढणाऱ्यांना अडवणारा, आणि एक स्क्रिप्ट अडवणारा. बहिणीला मी यार्डच्याच भाषेत समजावलं. कुठलंही पान उघडलं की ते एकटं येत नाही, सोबत दहा ठिकाणचे छोटे प्रोग्राम घेऊन येतं. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. काही पान चालवायला लागतात, काही तुझ्यावर नजर ठेवायला. पहिल्या पहारेकऱ्याकडे बदनाम नावांची यादी असते, ती नावं तो दारातूनच परत पाठवतो आणि ढालीच्या चित्रावर आकडा दाखवतो, किती हाकलले तो. दुसऱ्याकडे यादी नाही. त्याला सगळेच परके. तू नाव बघून परवानगी देशील तेवढीच स्क्रिप्ट चालणार. पहिल्याने गर्दी कमी केली की दुसऱ्याच्या दारात चार-पाचच नावं उरतात, आणि तेवढी तुला स्वतः बघता येतात. एकट्या पहिल्यावर राहिलीस तर नवा चोर आत येईल. एकट्या दुसऱ्यावर राहिलीस तर चाळीस नावं बघून कंटाळशील आणि सगळ्यांनाच आत घेशील.

"आणि पान कोरंच आलं तर?" तिने विचारलं.

"तर दोघांपैकी कोणी अडवलं ते आधी बघायचं. मग एका वेळी एकच नाव उघडायचं, तेसुद्धा तेवढ्यापुरतं. वळखीचं नसेल तर पान सोडून द्यायचं. सगळं चालू कर हे बटण हाय ना, त्याला हात लावलास तर मीच तुझा हात मोडीन."

ती हसली. मोडलेल्या हाताच्या बाईला मी असं बोलले आणि ती हसली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

पाचेक महिने बरे गेले. तिला एका मालवाहतूकवाल्यांचं घरबसल्या टाइपिंगचं काम मिळालं. आठ बोटांनी करायची. संध्याकाळी फोनवर मला ढालीचा आकडा सांगायची. "ताई, आज त्रेचाळीस हाकलले," आणि खिदळायची. त्याने आमच्या फाटकाशी चकरा मारल्या, मला रस्त्यात अडवून गोड आवाजात विचारलं, मी त्याच्या तोंडावर थुंकले. पण मुरुड त्याला कळलं नव्हतं. मुरुड कळलं नाही तोवर ती जिवंत आहे, एवढाच माझा हिशोब होता.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाट मांडायचा, धोंडे-अनारसे वाढायचे, वाण द्यायचं. तीन वर्षांनी येतो हा महिना, आणि आईच्या हयातीत तिने एकही जावई उपाशी ठेवलेला नाही, स्वतःचा नव्हता तेव्हा चुलत्यांचे जेवू घातले. तिने अनारशाचं पीठ भिजवलेलं मी पाहिलं आणि विचारलं, कोणासाठी.

"जावई तो जावई. पोरीचं नि त्यांचं पटलं न्हाय म्हनून देवाचं थांबतंय काय?"

मी पिठाचा डबा उचलला आणि अंगणात भिरकावला. तो नारळाच्या बुंध्यावर आपटला, पीठ चिकटलं, कावळे आले. आईला म्हणाले, त्याने उंबरा ओलांडला तर हा कोयता आहे ना, झावळ्या तासायचा, तो त्याच्या मानेत घालीन आणि मग तुझ्या पाटावर बसवीन त्याला. आईने वाकून डबा उचलला. मला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. शनिवारी सकाळी ती म्हणाली, चौलला मावशीकडे धोंड्याचं जेवण आहे, त्यांचा जावई येणार आहे, मदतीला जाते. मीच तिला रिक्षात बसवलं. माझ्याकडे त्या दिवशी पुण्याचे बारा पाहुणे होते, दुपारच्या जेवणाला सुरमई हवी म्हणून सकाळपासून माझ्या मागे लागलेले.

साडेबाराला आईचा मेसेज आला. एक लिंक, आणि खाली तिच्या आवाजात, "मावशीकडचं फोटो हायत. तिला पन दाखव बाय, तिला बरं वाटंल." मी लिंक न उघडता बहिणीला ढकलली. आई रोज काहीबाही पाठवते, देवांची चित्रं, सुविचार. एका हातात झारा होता, दुसऱ्यात मोबाइल.

दोन मिनिटांत बहिणीचा फोन. "ताई, लॅपटॉपवर उघडलं तर पान कोरंच येतंय. खाली एकच नाव अडकलंय, नुसते आकडे न अक्षरं. वळखीचं न्हाय."

"ढालीवर काय आकडा हाय?"

"शून्य."

बाहेरून पाहुण्यांपैकी कोणीतरी ताटावर चमचा वाजवत होता. तव्यातली एक तुकडी करपली होती. मी म्हणाले, "शून्य दाखवतंय ना? मग कोण न्हाय आत. आईनं धाडलंय. सगळं चालू कर."

"तू बोलली व्हतीस की..."

"अगं मासे जळतायत माझे!"

"लोकेशनपन मागतंय."

"हो म्हण नि बघ एकदाचं!"

मी फोन ओट्यावर टाकला. तो चालूच होता. मी तुकडी उलटली, तेल अंगावर उडालं, मी शिवी दिली. तेव्हा फोनमधून तिचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय.

"ताई, फोटोत आई अनारसं वाढतेय. समोर हात हाय. अंगठ्याचं नख काळं हाय."

शून्य म्हणजे आत कोणी नाही असं नसतं. शून्य म्हणजे यादीतलं कोणी नाही. त्याने ते पान आदल्या दिवशी स्वतः बनवून ठेवलं होतं, फोटो तेवढा ताटावर बसून टाकला, ते कुठल्या यादीत असणार? त्याला ज्याने अडवलं होतं तो दुसरा पहारेकरी, सगळ्यांना परकं मानणारा, आणि त्याला मी ओरडून बाजूला केलं, वर लोकेशनला हो म्हणायला लावून मुरुड त्याच्या हातात दिलं. माल नेहमीच्या माणसाच्या नावाने आला होता. आईच्या.

चौल ते मुरुड गाडीने तास लागतो. नागाव ते मुरुड त्याहून जास्त. मी तवा तसाच सोडला, मैत्रिणीला फोन करून किंचाळले, "दारं लाव, तो येतोय," आणि स्कूटर काढली. रेवदंड्याच्या पुलावर मी एका टेम्पोला घासून गेले. काशीदच्या चढावर स्कूटर धापा टाकत होती आणि मी तिला लाथा घालत होते, जनावर असल्यासारख्या. सगळा वेळ तोंडाने एकच चालू होतं, नको, नको, नको.

तो माझ्या आधी पोचला. पुढचं दार बंद बघून मागून आला, मागचं दार लाथेने कडीसकट उखडलं. मैत्रीण आडवी आली, तिला भिंतीवर आपटलं. बहिणीला केसांना धरून मागच्या अंगणात ओढत नेलं, डाव्या कानावर मारलं, परत त्याच कानावर, परत त्याच. एक शब्दही न बोलता. मैत्रीण म्हणते तिला तेच सगळ्यात भयंकर वाटलं, त्याच्या तोंडातून आवाजच येत नव्हता. बहिणीने ओढत नेताना टेबलावरून लॅपटॉप धरला होता तो सोडला नव्हता. तिसऱ्या फटक्याला तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि आडवा त्याच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडलं. तो खाली बसला तशी तिने परत घातला. तोवर पुढच्या अंगणातल्या बायका मासे टाकून धावत आल्या.

मी पोचले तेव्हा तो पालथा पडलेला, पाठीवर दोन धिप्पाड बायका बसलेल्या, हात त्याच्याच शर्टाने बांधलेले. त्याला आता मारायची काहीच गरज नव्हती. मी हेल्मेट काढलं आणि मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर, ज्या अंगठ्याचं नख काळं होतं त्या हातावर. बायकांनी मला ओढलं तेव्हा थांबले. बरं वाटलं का? वाटलं. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आणि मग बहिणीकडे बघितलं. तिच्या कानातून रक्त मानेवर येत होतं आणि ती मला काहीतरी विचारत होती, नको तेवढ्या मोठ्या आवाजात, कारण तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. त्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही.

पोलीस आले, तो आत गेला. आई दवाखान्यात आली ती पदराचं टोक तोंडात धरून. तिने सांगितलं, तो मावशीकडे ताटावर बसून रडला. म्हणाला, तुम्ही मला वाढताना तिने बघितलं तर तिचा राग जाईल. त्यानेच तिच्या मोबाइलवर लिंक टाकून दिली. ते ऐकल्यावर मी तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांच्या देखत, जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तू पोरीला विकलंस, हे त्यातलं सौम्य. फोनवर मी काय म्हणाले होते ते मी कोणालाच सांगितलं नाही. पोलिसांना सांगितलं, लिंक आईने पाठवली. ते खरंच होतं, आणि मी तेवढ्या खऱ्यामागे लपले.

नंतर वर्षभर मी आईला सोलून काढलं. चहा कडू झाला तरी मी तिथूनच सुरुवात करायची. ती उलट बोलायची नाही. बहीण मुरुडलाच राहिली, नवा लॅपटॉप घेतला, दोन्ही पहारेकरी स्वतः बसवले. सुट्टीला घरी यायची, आईच्या डाव्या बाजूला बसायची म्हणजे चांगला कान तिच्याकडे राहील. दोघी हळू हळू काय बोलायच्या ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी मागे कपडे धूत होते. पुढे कोणी बोलतंय असं वाटलं म्हणून आले. फाटकाबाहेर तो उभा होता. जामिनावर सुटलेला, नाक वाकडं. आमच्या घराकडे फिरकायचं नाही असं कोर्टाने बजावलं होतं तरी आलेला. आई फाटकाच्या आत, झावळ्या तासत होती ती तशीच उठलेली.

"आई, एकदा ऐकून घ्या माझं," तो म्हणत होता, त्याच शांत आवाजात.

"कोन तुमी?" आई म्हणाली.

"आई, मी..."

"मी वळखत न्हाय तुमाला. कोन पायजे?"

तो थोडा हसला आणि त्याने कडी काढायला हात फाटकावर ठेवला. आईने कोयता वर केला आणि खाली घातला. जोर इतका की पातं फाटकाच्या लाकडात बोटभर रुतलं, त्याच्या काळ्या नखाच्या अगदी शेजारी. त्याने हात काढला, हाताकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मी त्याला ओरडताना ऐकलं. काय ओरडला ते कळलं नाही. मग तो रस्त्याने गेला, मागे वळून बघत, धावत. मी पोलिसांना फोन लावला.

आई कोयता उपसायला बघत होती. तो निघत नव्हता. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, त्या दिवशी मी फोनवर तिला..."

"सगळं चालू कर बोललीस. म्हाईत हाय."

"कोणी सांगितलं?"

"तिनंच. हास्पिटलातच. त्याच दिवशी."

व्हरांड्यात मी बोलले त्याच्या आधी की नंतर, हे मला विचारवलं नाही. एवढंच म्हणाले, "मग वर्षभर माझ्या शिव्या का खाल्ल्यास?"

आईने दोन्ही हातांनी मूठ हलवली. पातं जरासं सैल झालं.

"तुला कुनाला तरी मारायचंच व्हतं. मी न्हाय तर तू सोताला मारलं असतंस. मी म्हातारी हाय, माजं काय जातंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? हात लाव हिकडं."

मी तिच्या हातांवर हात ठेवले आणि आम्ही दोघींनी ओढलं.